परतीची वेळ आधी लिहा

पाऊस सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, ठाण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, जुलैत आम्ही सगळे वरशाला येतोय. शनिवारी रात्री पोचायचं, रविवारी धबधब्यावर जायचं. तुम्ही फक्त हो म्हणा. प्लॅनिंग सगळं मी करतो."

ही गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नातू तेव्हा नुकताच नववीत गेला होता. तासाभरातच मोबाईलवर त्याची यादी येऊन थडकली. बूट कुठले घालायचे, प्लॅस्टिकच्या पिशव्या किती घ्यायच्या, सँडविच कोणी करायची, वडे कुठून घ्यायचे, पाण्याच्या बाटल्या किती, धबधब्याखाली कोणी कोणाचे फोटो काढायचे, सगळं क्रमवार लिहिलेलं. शेवटी प्रत्येकी किती खर्च येईल तेसुद्धा मांडलेलं. सौ.ला मी यादी वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "अहो, हा अगदी तुमच्यावर गेलाय."

गेलाय खरा. मी छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून आणि सुटीच्या दिवशी. बाकी आयुष्य गेलं ते लोकांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात. त्यामुळे कुठलाही कागद समोर आला की नजर आपोआप परतफेडीच्या कलमाकडे जाते. नातवाच्या अर्जात खर्च होता, साहित्य होतं, फायदा तर फोटोंसकट होता. परतफेडीचं कलम तेवढं नव्हतं. किती वाजता निघायचं ते लिहिलं होतं. किती वाजता मागे फिरायचं ते कुठेच नव्हतं.

मी त्याला हसलो नाही. तो अधिकार मला नाही. नेमकी अशीच एक यादी मी स्वतः १९८९ साली केली होती.

डोंगरावरच्या पांढऱ्या रेघा

वरसे हे रोह्याला लागून वाढलेलं गाव. नोकरीत असताना मी रोह्याच्या शाखेत चार वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर मुंबईची जागा विकून इथेच येऊन राहिलो. रोहा म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना आधी आठवतात चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण या रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि याच माणसानं 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आकड्यांच्या माणसाला ढगांचं वेड असू शकतं, याचा मला त्यामुळे फार आधार वाटतो.

उन्हाळ्यात हे डोंगर अगदी ओळख न देण्यासारखे असतात. करपलेलं गवत, उघडे कातळ, मधूनच साग-ऐनाचे पट्टे. मृगाचे दोनचार चांगले दिवस झाले की एके सकाळी खिडकी उघडावी आणि समोरच्या डोंगरावर कोणीतरी खडूनं उभ्या रेघा ओढून ठेवलेल्या दिसाव्यात. त्या रेघा म्हणजे धबधबे. त्यातल्या बहुतेकांना नाव नसतं. ज्या वाडीच्या डोक्यावर असेल त्या वाडीचा धबधबा.

हे धबधबे आपल्याकडेच इतके का, याला कारण आहे. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. काही थर लोखंडासारखे टणक, काही ठिसूळ. वरून येणारं पाणी टणक थराच्या काठावरून खाली उडी घेतं आणि पायथ्याचा ठिसूळ थर खात जातं. तिथे खोल खळगा पडतो. त्याला कोणी कुंड म्हणतं, कोणी कोंड. वरून तो हिरवागार आणि शांत दिसतो. खाली मात्र पाणी आतल्या आत घुसळत असतं, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते माणसाला नीट तोलून धरत नाही. तलावात पोहणारा चांगला पोहणारासुद्धा कोंडात फसतो तो यामुळे.

या भागातलं सगळ्यात मोठं कोसळणारं पाणी मात्र कोणाला दिसत नाही. ते नळातून कोसळतं. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगर फोडून खाली भिऱ्याला आणतात आणि त्यावर टाटांचं वीजघर १९२७ पासून चालतं. मुळेचं हे पाणी खरं तर पूर्वेकडे भीमेला जायचं. ते पश्चिमेला कोकणात उतरवलं गेलं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी केलेला मुळशी सत्याग्रह १९२१ चा. वीज तयार करून झाली की ते पाणी कुंडलिका नदीत येतं. म्हणून ऐन मे महिन्यातही कुंडलिका वाहती असते आणि कोलाडला लोक रबरी होड्यांतून तिच्यावर स्वार होतात. याचा दुसरा अर्थ असा, की आभाळ निरभ्र असतानाही या नदीचं पाणी वाढू शकतं. वीजघरातून पाणी सुटलं, की नदी चढली. पात्रात चूल मांडून बसणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही.

आता थोडी बँकेतली बेरीज. डोंगरमाथ्यावर एक चौरस किलोमीटरच्या पठारावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, असं धरा. जुलैत आमच्याकडे ही काही अचाट गोष्ट नाही. त्या एका तासात त्या पठारावर पाच कोटी लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर पाच हजार टँकर. जमीन आधीच भिजून तृप्त झालेली असते, ती काही पीत नाही. मग हे टँकर निघतात कुठे? पंधरा-वीस फूट रुंदीच्या एका ओढ्यातून खाली. तुम्ही ज्या ओढ्याकाठी सतरंजी टाकून बसला आहात, त्याच ओढ्यातून. आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा कदाचित पावसाचा थेंबही नसतो, कारण पाऊस वर पठारावर पडतोय आणि तुम्ही खाली घळीत बसला आहात.

ही बेरीज मला १९८९ साली येत होती. मी ती केली नव्हती, एवढंच.

अकरा माणसं आणि एक दोर

तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. शाखेत शेतीकर्जांचं काम माझ्याकडे होतं. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. मोटारसायकलवरून वाड्यावाड्या हिंडायचं, शेळ्या-म्हशींसाठी कर्जं द्यायची, आणि मग हप्ते का आले नाहीत ते विचारायला पुन्हा हिंडायचं. त्या हिंडण्यात डोंगरात एक धबधबा पाहून ठेवला होता. जुलैच्या ९ तारखेला, रविवारी, शाखेतल्या मंडळींची सहल तिथे न्यायची, असं मी ठरवलं.

प्रत्येकी पंधरा रुपये वर्गणी. बटाट्याची भाजी आमच्याकडून, पुऱ्या रोखपालांकडून, श्रीखंड दुकानातून. पत्त्यांचे दोन जोड. एक मोठी सतरंजी. हिशोबाची वही मी स्वतः लिहिली होती आणि पैशापैशाचा ताळा जमला होता. मुलं धरून अकरा माणसं. आमची लेक तेव्हा चार वर्षांची, सौ.च्या कडेवर. रोखपालांचा मुलगा आठ वर्षांचा. तो सकाळपासून माझं बोट सोडत नव्हता, कारण माझ्याजवळ कॅमेरा होता.

धबधब्याच्या अलीकडे एक ओढा पार करावा लागतो. सकाळी त्यात घोट्याएवढं पाणी. बायकांनी चपला हातात घेतल्या आणि हसतखिदळत सगळे पलीकडे गेले. तिथे एक कातकरी म्हातारा खेकडे शोधत होता. मला ओळखत होता. त्याच्या नावावर आमच्या बँकेचं शेळ्यांचं कर्ज होतं आणि ते थकलेलं होतं. मला वाटलं, हा आता शेळ्यांचं रडगाणं सुरू करणार. तो एवढंच म्हणाला, "सायेब, पोरं हायती. दुपारच्या आत खाली उतरा."

मी "बरं बरं" म्हटलं. जेवणं झाली, गाण्याच्या भेंड्या झाल्या, पत्ते पिसले गेले. दुपारी अडीचच्या सुमाराला तो पुन्हा आला, या खेपेला दोन तरण्या मुलांना घेऊन. मुलाच्या खांद्यावर लाकडाच्या मोळ्या बांधायचा दोर होता. "सायेब, पानी बदललाय. चला." मी पाहिलं, पाणी मला तसंच दिसलं. रोखपाल म्हणाले, हा डाव संपवू. डाव संपायला वीस मिनिटं लागली.

त्या वीस मिनिटांत ओढा कमरेएवढा झाला होता. रंग चहासारखा, आणि त्यातून पानं, काटक्या, आख्खी झुडपं वाहत निघालेली. आवाजही बदलला होता. सकाळी खळखळ होती, आता दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमा आवाज येत होता. म्हाताऱ्यानं दोर दोन्ही काठांच्या झाडांना बांधला. एकेकाला धरून पलीकडे न्यायला सुरुवात केली. बायका गेल्या, आमची लेक एका मुलाच्या खांद्यावर बसून गेली. रोखपालांचा मुलगा माझ्याबरोबर होता. एका हातात दोर, दुसऱ्या हातात त्याचा हात. मध्यावर माझा पाय शेवाळावरून सरकला. दोर सुटला नाही. मुलाचा हात सुटला.

पुढचं सगळं पाचसहा सेकंदांचं. खालच्या वळणावर म्हाताऱ्याचा थोरला मुलगा छातीएवढ्या पाण्यात एका झाडाला धरून उभा होता. त्यानं पोराला शर्टाच्या कॉलरला धरून उचललं. तो तिथे योगायोगानं उभा नव्हता. पहिला माणूस पाण्यात उतरायच्या आधीच बापानं त्याला तिथे उभं केलं होतं. कोणीतरी वाहून जाणार, हे धरूनच त्यानं सगळी आखणी केली होती. मी पुऱ्या मोजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाखेत या प्रकाराची गंमत झाली. "साहेबांनी पोराला पोहायला शिकवलं" वगैरे. रोखपाल हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पण पुढे शाखेच्या एकाही सहलीला ते आले नाहीत. त्या सोमवारी माझ्या टेबलावर थकबाकीदारांची यादी सहीसाठी आली. त्यात त्या म्हाताऱ्याचं नाव होतं. नोटीस निघाली, नियम नियम असतो. मात्र मी संध्याकाळी वाडीवर गेलो. मेलेल्या शेळ्यांच्या कानातले विम्याचे बिल्ले त्यानं एका डब्यात जपून ठेवले होते, पण त्यांचं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणं माझंच काम होतं. ते दाव्याचे कागद मी भरून दिले. आभार मानायचे राहूनच गेले. कुठल्या शब्दांत मानायचे ते सुचलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, २४ जुलै १९८९ ला, शेजारच्या सुधागड तालुक्यात अंबा नदीला महापूर आला आणि जांभूळपाडा गावात हाहाकार उडाला. त्या बातम्या येऊ लागल्या तशी शाखेतली गंमत आपोआप थांबली.

उलटी बेरीज

हे सगळं नातवाला फोनवर सांगितलं नाही. त्याला म्हटलं, "यादी छान आहे. आता माझी बघ." जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी माझी यादी लिहिली. पहिली ओळ: मागे फिरायची वेळ, साडेबारा.

ही वेळ कुठून आली? शेवटाकडून. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, पण ढग भरले असले की झाडीतल्या घळीत साडेपाचलाच अंधारतं. दुपारनंतर पावसाचा जोर वाढला तर आपण डोंगरात नको. म्हणून साडेतीनपर्यंत डांबरी रस्त्यावर पोचायचं. उतरायला दोन तास. म्हणजे दीड. त्यात एक तास राखीव. कोणाचा पाय मुरगळतो, कोणाची चप्पल तुटते. बँका बुडीत कर्जांसाठी आधीच तरतूद करून ठेवतात, तसा हा तास. आले साडेबारा. चढायला विश्रांतीसकट तीन तास आणि धबधब्यापाशी एक तास धरला तर साडेआठला निघायला हवं. आपण आठला निघायचं. आणि काहीही झालं तरी साडेबाराला जिथे असू तिथून मागे. धबधबा चार पावलांवर असला तरी.

दुसरी ओळ: पाणी मागे फिरवेल तर घड्याळ बघायचं नाही. ओढा ओलांडताना काठावर, पाण्याला लागून, पाचसहा गोट्यांची रांग मांडून ठेवायची. थोडं थांबून पाहायचं. गोटे बुडू लागले, पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज बदलला, यातलं एक जरी झालं तरी परत. गुडघ्याएवढं वेगाचं पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं. आणि ओढा चढलाच, तर पलीकडे अडकून उपाशी बसावं, पण उतरू नये. छोट्या डोंगरी ओढ्याचं पाणी चढतं तसं काही तासांत उतरतंही.

तिसरी ओळ: बरोबर वाडीतला माणूस. त्याला ठरवून मजुरी द्यायची, आणि तो म्हणेल ते ऐकायचं. मजुरी देऊन ऐकायचं नसेल तर ती देण्यात अर्थ नाही.

चौथी: आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहायचा. हिरवा असेल तर जायचं. पिवळा असेल तर वाडीतल्या माणसाला विचारायचं. नारिंगी किंवा लाल असेल तर घरी भजी करायची.

पाचवी: कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत येतो, हे घरी राहणाऱ्याला लिहून द्यायचं. घळीत मोबाईलला रेंज नसते. ११२ हा क्रमांक पाठ असून उपयोग नाही, तो लागायला हवा. आम्ही पाच वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला फोन करायचा, ते सौ.कडे लिहून ठेवायचं.

बाकी बारीकसारीक. कोंडात उतरायचं नाही. धारेखाली उभं राहायचं नाही; पाण्याबरोबर दगडही येतात. गवतात आणि दगडांच्या सांदीत हात घालायचा नाही, फुरसं तिथेच असतं. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात जायचं नाही, लेप्टोची भीती असते. बाटली फक्त पाण्याची. नेलेलं प्लॅस्टिक परत आणायचं.

नातवाचं लगेच उत्तर आलं. "आजोबा, हे प्लॅनिंग आहे की शाळेचे नियम? आपण देवकुंडला जाऊया ना. सगळे जातात."

देवकुंड भिऱ्याजवळ. तिथली निळी-हिरवी कोंड खरोखर पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. पण तिथे इतके अपघात झाले की गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला तिकडे जायला बंदी घालावी लागत आली आहे. बंदी मोडून आडवाटेनं जाणारे असतातच. मी त्याला २०२४ सालची आठवण दिली. जूनच्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंबच्या कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभं होतं आणि डोळ्यांदेखत वाहून गेलं. काठावरच्या लोकांनी त्याचं चित्रण केलं आणि ते देशभर पाहिलं गेलं. पुढच्याच महिन्यात आमच्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याशी एक तरुण मुलगी दरीत कोसळली. ही माणसं मूर्ख नव्हती. आपल्यासारखीच, घरून डबा घेऊन निघालेली माणसं होती. मला ती बातमी वाचून माझी सतरंजी आठवली.

यावर नातवाचं काही उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं नुसता अंगठा आला.

सव्वाअकरा

ठरल्याप्रमाणे मंडळी दिवा-रोहा गाडीनं शनिवारी रात्री आली. रविवारी इशारा हिरवा होता, आभाळ पातळ होतं. आठाला पाच कमी असताना आम्ही निघालो. लेक, जावई, नात, नातू, मी आणि वाडीतला एक तरुण. देवकुंड नाही, ज्याला नाव नाही असा, आमच्याच डोंगरातला एक धबधबा.

चढण सुरेख होती. टाकळ्याची, कुर्डूची कोवळी पानं सगळीकडे उगवली होती. वाडीतल्या तरुणानं वाटेत थांबून भारंगी ओळखायला शिकवली, फोडशी उपटून नातीच्या हातात दिली. कुठून तरी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू आली. एखादा मुलगा अर्धवट आठवणारं गाणं शिटीवर वाजवतोय असं वाटावं, अशी ती शीळ. नातू क्षणभर मोबाईल विसरला. मला वाटलं, सहल इथेच वसूल झाली.

पहिला ओढा घोट्याएवढा. नातवानं हसत हसत गोट्यांची रांग मांडली. दुसऱ्या ओढ्याला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिथेही रांग मांडली आणि खजूर खायला बसलो. धबधब्याचा आवाज स्पष्ट येत होता; झाडीआडून गार तुषार अंगावर येत होते. वाडीतला तरुण मात्र खजूर हातात धरून वरच्या बाजूला पाहत होता. घाटमाथ्यावर आभाळ काळं झालं होतं. आमच्यावर थेंब नव्हता.

रांगेतला पहिला गोटा दिसेनासा झाला. पाण्यात थोडासा पिवळेपणा आला. एक सागाचं हिरवं पान वाहत गेलं, मग आणखी तीनचार.

मी उठलो. म्हटलं, "चला."

"आजोबा! पंधरा मिनिटंच राहिलीत! आवाज येतोय!"

"चला."

"अजून साडेबारा कुठे झालेत? तुम्हीच म्हणालात साडेबारा!"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्यांनाही पुढे जावंसं वाटतंय, पण सासऱ्यापुढे बोलायचं कसं. लेक म्हणाली, "बाबा, पाणी तर एवढंसंच आहे." मी वाडीतल्या तरुणाकडे पाहिलं. त्यानं एकच शब्द उच्चारला, "खाली." आम्ही खाली उतरलो. नातू सगळ्यांत पुढे, कोणाशी न बोलता, पाय आपटत.

आता इथे गोष्टीत काय व्हायला हवं ते कादंबरीकार म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. मागे लोंढा यायला हवा, आणि नातवानं आजोबांचा हात घट्ट धरायला हवा. तसं काही झालं नाही. पहिला ओढा घोट्यावरून जेमतेम नडगीपर्यंत चढला होता. दीड वाजता आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. घाटमाथ्यावरचा ढग कुठल्या कुठे निघून गेला होता. संध्याकाळी नातवानं मोबाईल माझ्यासमोर धरला. त्याच डोंगरातल्या एका धबधब्यावर दुपारी दोन वाजता दहाबारा पोरं नाचत होती.

"बघा. काही झालं नाही त्यांना. आजोबा, तुम्ही घाबरलात."

"हो," मी म्हटलं. "घाबरलो."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो बसला. मग मी त्याला १९८९ ची गोष्ट सांगितली. दोराची, सुटलेल्या हाताची आणि खालच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाची. त्याची आई दारात येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी आपण कोणाच्या तरी खांद्यावर बसून ओढा ओलांडला होता, हे तिलाही पहिल्यांदाच कळत होतं. सौ. आतून काहीच बोलली नाही. भांड्यांचा आवाज मात्र थांबला.

"तो मुलगा आता कुठे असतो?" नातवानं विचारलं.

"चाळीस ओलांडली असेल त्यानं. परदेशात आहे म्हणून ऐकतो."

"तुम्हाला कधी भेटला?"

"नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानं विचारलं, "पण आज खरंच काही झालं नसतं ना?"

"बहुतेक नसतं झालं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं? त्या दिवशी पुढे गेलो असतो तर बहुतेक सुखरूप परत आलो असतो. त्या नाचणाऱ्या पोरांसारखे. अडचण 'बहुतेक' या शब्दाची आहे. माणूस आयुष्यभर विम्याचे हप्ते भरतो आणि घर जळलं नाही म्हणून हप्ते फुकट गेले असं म्हणत नाही. डोंगरातून मागे फिरलो आणि काही झालं नाही, की मात्र आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. न पाहिलेला धबधबा हा तो हप्ता. मी १९८९ साली तो भरला नव्हता, आणि माझ्या वतीनं तो एका थकबाकीदारानं भरला.

इतकं सगळं मी नातवाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसानं कुठे थांबावं हेही त्याच्या यादीत असायला हवं.

ऑक्टोबरात त्यांच्या शाळेला दिवाळीची सुटी लागायच्या आधी त्याचा पुन्हा संदेश आला. "आजोबा, पाऊस संपला. आता तो धबधबा बघायला येतो. पाणी कमी असलं तरी चालेल. प्लॅन पाठवतोय." मी चष्मा लावून उघडला. पहिली ओळ: 'मागे फिरायचं साडेबाराला.' दुसरी: 'पाणी वाढलं तर त्याआधी.' तिसरी: 'त्याच दादांना बरोबर घ्यायचं, त्यांना आधी विचारून.' पुढे आजी कोणाला फोन करणार, तेही होतं. मी दोनदा वाचला, सौ.ला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण अहो, जेवणाचं काय?"

पाहिलं तर खरंच, जेवणाचं एक अक्षर नव्हतं. बटाट्याची भाजी आणि पुऱ्या पुन्हा आमच्याकडेच आल्या.